नावात साल का असते? मार्कंड्याच्या निमित्ताने दूरच्या साठ्याचा इतिहास

१.
गडचिरोली जिल्ह्यातील मार्कंडा येथील मंदिरसमूहाचे एक महत्त्वाचे जुने वर्णन अलेक्झांडर कनिंगहॅम यांच्या अहवालात आहे. १८७३-७४ आणि १८७४-७५ या वर्षांतील मध्य प्रांताच्या दौऱ्याचा हा अहवाल भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मालेतील नववा खंड म्हणून १८७९ साली कलकत्त्याहून प्रसिद्ध झाला. मात्र या खंडात 'गडचिरोली जिल्हा' शोधू लागलात, तर मार्कंडा सापडणार नाही. कारण तेव्हा तो जिल्हाच अस्तित्वात नव्हता. काही जुन्या इंग्रजी ग्रंथांत तर गावाचे नावही 'मार्कंडी' असे छापलेले आढळते. मंदिरे जागची हललेली नाहीत, बदलत गेला तो त्यांचा पत्ता.

२.
इतिहासाच्या अभ्यासकाला ही अडचण पावलोपावली येते. पण दूर ठेवलेली हार्ड डिस्क आपल्या संगणकाला जोडू पाहणाऱ्या अभियंत्यांनाही ती आली, आणि त्यांनी तिच्यावर काढलेला तोडगा इतिहासकाराने काढावा तसा होता: त्यांनी नावातच साल घातले. आजची मालिका त्या तोडग्याविषयी आहे. एका यंत्रातील साठा दुसऱ्या यंत्राला स्वतःचा कसा वाटू लागला, त्यासाठी वापरणाऱ्या यंत्रात काय काय मांडावे लागते, आणि हे सारे मार्कंड्यासारख्या ठिकाणच्या नोंदी जपण्यासाठी कितपत उपयोगी आहे, हे क्रमाने पाहू.

३.
आधी पत्त्याची कथा. मार्कंडा हे वैनगंगेच्या काठी, चामोर्शी तालुक्यात आहे. एरवी दक्षिणेकडे जाणारी नदी येथे उत्तरवाहिनी होते. त्यामुळे स्थानाला तीर्थाचे महत्त्व, आणि महाशिवरात्रीला मोठी यात्रा. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यातील हा मुलूख १८५४ साली कंपनी सरकारने खालसा केला. १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला आणि मार्कंडा त्यातील चांदा जिल्ह्यात राहिले. १९५० नंतर तो नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशाचा भाग झाला, १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहे. चांद्याचे चंद्रपूर झाले. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. शंभर-सव्वाशे वर्षांत एका गावाचे इतके पत्ते झाले, आणि प्रत्येक काळातली कागदपत्रे त्या त्या काळाच्या पत्त्याखाली लावली गेली.

४.
आता संगणकाकडे वळू. आरंभी डिस्क आणि संगणक यांचे नाते एका घरातले होते. डिस्क पेटीतच असे, फार तर शेजारच्या पेटीत. १९७९ साली शुगार्ट असोसिएट्स या कंपनीने डिस्क जोडण्याची एक पद्धत मांडली. तिच्यातूनच पुढे 'स्कझी' हे मानक घडले आणि १९८६ मध्ये त्याला अमेरिकेत राष्ट्रीय मान्यता मिळाली. संगणकाने कोणत्या शब्दांत मागणी करावी आणि डिस्कने कोणत्या शब्दांत उत्तर द्यावे, याची ही ठरलेली भाषा. पण ही भाषा जाडजूड केबलवरून बोलली जाई, आणि त्या केबलची साधी जात जास्तीत जास्त ६ मीटर लांब असू शके. एका खोलीपुरताच तिचा आवाज पोहोचत असे.

५.
खोलीबाहेर पहिली गरज लागली ती चुंबकीय फितीची. फितीचे यंत्र महाग, तेव्हा दहा संगणकांमागे एकच. बाकीच्या नवांनी आपल्या प्रती कुठे ठेवायच्या? बर्कली विद्यापीठाच्या युनिक्समध्ये, १९८३ च्या ४.२ बीएसडी या आवृत्तीत, यावर एक छोटासा कार्यक्रम आला: 'आरएमटी', म्हणजे दूरची फीत. फीत असलेल्या यंत्रावर तो चाले आणि नेटवर्कवरून येणाऱ्या मोजक्या आज्ञा पाळी: उघड, मिटव, वाच, लिही, पुढे-मागे सरक. दूरच्या यंत्रावर बसलेल्याला फीत आपल्याच टेबलावर असल्याचा भास होई. ग्राहक आणि सेवक, आजच्या भाषेत क्लायंट आणि सर्व्हर, यांचे साठवणुकीतील नाते इथे अगदी उघडपणे दिसते.

६.
त्याच सुमारास सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी डिस्क नसलेले संगणक विकत होती. त्यांची डिस्क सर्व्हरवर असे आणि 'नेटवर्क डिस्क' नावाच्या पद्धतीने ती दूरून वापरली जाई. १९८४ मध्ये याच कंपनीने 'नेटवर्क फाइल सिस्टिम', म्हणजेच एनएफएस, घडवली आणि १९८९ मध्ये तिची दुसरी आवृत्ती खुल्या दस्तऐवजाच्या रूपाने सर्वांसाठी नोंदवली गेली. या दोन पद्धतींत एक मूलभूत फरक आहे. पहिलीत सर्व्हर डिस्कचे कोरे तुकडे देतो, दुसरीत तयार फायली. हा फरक नीट समजला, तर पुढचे सारे सोपे होते. त्यासाठी पुन्हा मार्कंड्याला जावे लागेल.

७.
मार्कंड्याची मंदिरे साधारणपणे दहाव्या ते बाराव्या शतकातील मानली जातात. अलीकडच्या वर्षांत मुख्य मंदिराचा वरचा भाग उतरवून पुन्हा रचण्याचे काम हाती घेण्यात आले. अशा कामात उतरवलेल्या दगडांवर क्रमांक घालतात आणि कोणता क्रमांक कुठल्या थरात बसतो याचा आराखडा ठेवतात. दगड सुरक्षित आहेत पण आराखडा हरवला, तर उरते ती केवळ शिळांची रास. हार्ड डिस्कही अशीच असते. तिच्यावर क्रमांक घातलेले तुकडे असतात, त्यांना 'ब्लॉक' म्हणतात. कोणत्या ब्लॉकांची मिळून कोणती फाइल होते हे सांगणारा आराखडा म्हणजे फाइल सिस्टिम. एनएफएसमध्ये आराखडा सर्व्हरजवळ राहतो आणि क्लायंट म्हणतो, 'सभामंडपाचे छायाचित्र द्या'. ब्लॉकच्या पद्धतीत आराखडा क्लायंटजवळ असतो आणि तो म्हणतो, 'क्रमांक ४०९६ पासूनचे आठ दगड द्या'. ते सभामंडपाचे आहेत की शिखराचे, याची सर्व्हरला कल्पनाही नसते.

८.
मोठ्या संस्थांना ब्लॉकची पद्धत हवी होती, कारण तिच्यात दूरची डिस्क अगदी आतल्या डिस्कसारखी वागते. १९९४ मध्ये मान्य झालेल्या 'फायबर चॅनेल' या मानकाने हे साधले, पण त्यासाठी वेगळे जाळे आणि वेगळी महाग यंत्रसामग्री लागे. मग प्रश्न आला: प्रत्येक कार्यालयात असलेल्या साध्या नेटवर्कवरूनच स्कझीची भाषा बोलता येणार नाही का? आयबीएम आणि सिस्को या कंपन्यांच्या प्रयत्नांतून 'आयस्कझी' आकाराला आले. त्याचा प्रमाण दस्तऐवज, आरएफसी ३७२०, एप्रिल २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्युलियन सत्रान, कॅलमन मेथ, मल्लिकार्जुन चडलपाका आदींची नावे त्यावर संपादक-लेखक म्हणून आहेत. एप्रिल २०१४ मध्ये सुधारित दस्तऐवजाने त्याची जागा घेतली.

९.
समजा, मार्कंड्याच्या शिल्पांची छायाचित्रे, मापे आणि रेखाटने गोळा करणारा एक अभ्यासगट चामोर्शीच्या एका इमारतीत बसला आहे. एका खोलीत मोठ्या डिस्कांचा सर्व्हर आहे, दुसऱ्या खोलीत काम करणारा संगणक. सर्व्हरला येथे 'टार्गेट' म्हणतात, मागणी करणाऱ्या संगणकाला 'इनिशिएटर'. सर्व्हरवर एक भाग वेगळा काढून ठेवला आहे. त्याला 'लन' म्हणतात, म्हणजे सोपवलेल्या तुकडीचा क्रमांक. आता क्लायंटवर काय करायचे? सर्वांत आधी त्याला स्वतःचे नाव द्यायचे. ओळख नसलेल्याला दप्तरखान्यात प्रवेश नाही.

१०.
हे नाव कसे लिहितात, ते पाहा: 'आयक्यूएन.२००१-०४.कॉम.एक्झाम्पल:मंदिरनोंदी'. यंत्रावर ते रोमन अक्षरांत लिहावे लागते, येथे देवनागरीत दिले आहे. पहिला शब्द नामपद्धती सांगतो. शेवटचा भाग, अपूर्णविरामानंतरचा, आपण निवडायचा. मधला भाग म्हणजे संस्थेचे इंटरनेटवरचे डोमेन, पण उलट्या क्रमाने. पाकिटावर आपण गाव, तालुका, जिल्हा असे लहानाकडून मोठ्याकडे जातो. येथे मोठ्याकडून लहानाकडे यायचे. आणि त्या साऱ्याच्या आधी आहे ते साल आणि महिना.

११.
साल कशासाठी? कारण डोमेनचे नाव कायमचे कुणाचेच नसते. आज ते एका संस्थेचे असेल. तिने नूतनीकरण केले नाही तर उद्या ते दुसरी संस्था घेईल, आणि त्या दुसरीनेही आपल्या डिस्कला तेच नाव दिले तर दोन वेगळ्या वस्तू एकाच नावाने ओळखल्या जातील. म्हणून नियम असा: ज्या महिन्यात ते डोमेन खरोखर आपल्या ताब्यात होते, तो महिना नावात लिहायचा, शक्यतो ताबा मिळाल्यानंतरचा पहिला. पुढे डोमेन कुणाकडेही जावो, जुने नाव जुन्याच वस्तूचे राहते. 'जिल्हा चांदा' आणि 'जिल्हा गडचिरोली' यांतील गोंधळ टाळण्याचा हा उपाय आहे. नाव आणि काळ एकत्र लिहिले की ओळख टिकते. नाव एकटे असेल तर ती कालांतराने संदिग्ध होते.

१२.
नाव ठरले की पुढची पायरी शोधाची. क्लायंटला सर्व्हरचा नेटवर्कवरील पत्ता सांगायचा. ठरलेले दार ३२६० क्रमांकाचे. क्लायंट विचारतो, 'माझ्यासाठी काय काय आहे?' सर्व्हर टार्गेटांची यादी देतो. अनेकांना इथेच काम झाले असे वाटते. पण यादी मिळणे म्हणजे डिस्क मिळणे नव्हे. सूचीपत्रात ग्रंथाचे नाव दिसले, म्हणजे ग्रंथ मेजावर आला असे होत नाही. त्यानंतर प्रवेश घ्यावा लागतो, म्हणजे 'लॉगिन'. सर्व्हर दोन गोष्टी तपासू शकतो. एक, या नावाच्या क्लायंटला परवानगी आहे का. दोन, त्याला ठरलेला गुप्त शब्द ठाऊक आहे का. या दुसऱ्या तपासणीला 'चॅप' म्हणतात. तिच्यात गुप्त शब्द तारेवरून जात नाही. सर्व्हर एक कोडे घालतो आणि तो शब्द ठाऊक असलेल्यालाच त्याचे उत्तर देता येते. मात्र चॅप केवळ ओळख पटवते, पुढची माहिती झाकत नाही. म्हणून हे जाळे इतर वापरापासून वेगळे ठेवणे शहाणपणाचे.

१३.
प्रवेश मिळाला की क्लायंटवर एक नवी डिस्क अवतरते. तिच्यावर आराखडा नसेल तर एकदाच, आणि फक्त एकदाच, फाइल सिस्टिम घालायची. इथे सर्वांत मोठा धोका आहे. डिस्कवर आधीपासून दुसऱ्या पद्धतीचा आराखडा असेल आणि आपल्या यंत्राला तो वाचता येत नसेल, तर यंत्र ती डिस्क कोरी समजून 'फॉरमॅट करू का?' असे विचारू शकते. 'हो' म्हणणे म्हणजे दगडांवरचे क्रमांक पुसणे. अनोळखी लिपीतला शिलालेख वाचता आला नाही म्हणून तो घासून काढणाऱ्याला आपण काय म्हणू? यंत्राच्या प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वी तितकाच विचार करावा.

१४.
नावाचा प्रश्न येथे दुसऱ्यांदा भेटतो. लिनक्स यंत्र डिस्कांना 'एसडीए', 'एसडीबी' अशी नावे जशा त्या सापडतील तशी देते. आज दूरची डिस्क 'एसडीबी' असेल, उद्या एक पेनड्राइव्ह लावून यंत्र सुरू केले की तीच 'एसडीसी' होईल. या नावांवर विसंबून कायमची जोडणी लिहिली, तर एक दिवस भलतीच डिस्क भलत्या जागी जोडली जाते. म्हणून प्रत्येक फाइल सिस्टिमला जन्मतःच मिळालेला लांबलचक ओळखक्रमांक, 'यूयूआयडी', जोडणीत लिहावा. शिवाय ही डिस्क नेटवर्कवरची आहे, जाळे जोडले गेल्यावरच तिला हात लाव, अशी खूणही त्या ओळीत ठेवावी लागते. ती राहिली तर यंत्र सुरू होताना अजून न उघडलेल्या दारावर थापा मारत बसते.

१५.
ओळखीतली आणखी एक चूक फार आढळते. एक संगणक नीट मांडून झाला की त्याचीच हुबेहूब प्रत दुसऱ्यावर उतरवतात. त्यासोबत इनिशिएटरचे नावही उतरते. मग सर्व्हरच्या दृष्टीने दोन माणसे एकाच नावाने आत येतात. आणि दोघांनी एकाच डिस्कवर लिहायला घेतले तर? ब्लॉकच्या पद्धतीत आराखडा क्लायंटजवळ असतो, हे आठवा. प्रत्येकाजवळ आराखड्याची स्वतःची प्रत, आणि दुसऱ्याने काय बदलले याचा पत्ता नाही. एक जण २०० क्रमांकाचा दगड मोकळा समजून तिथे आपला बसवतो, दुसराही तेच करतो. थोड्याच वेळात आराखडा आणि रचना यांचा मेळ तुटतो. अनेकांनी मिळून वापरायचा साठा असेल तर एनएफएससारखी फायलींची पद्धत घ्यावी, किंवा त्यासाठीच बनवलेली सामायिक फाइल सिस्टिम वापरावी. साधी फाइल सिस्टिम असलेल्या ब्लॉक डिस्कचा लेखनिक एकच असावा.

१६.
मग सर्व्हर नागपुरात किंवा मुंबईत ठेवून मार्कंड्यातून थेट वापरता येईल का? तांत्रिकदृष्ट्या येईल, पण व्यवहारात टाळावे. प्रत्येक ब्लॉकसाठी प्रश्नोत्तरे होतात आणि प्रत्येक उत्तरासाठी वाट पाहावी लागते. जाळे तुटले तर लिनक्सवरील प्रचलित आयस्कझी क्लायंट मूळ मांडणीत १२० सेकंद तग धरतो आणि नंतर कामाला अपयश आल्याचे कळवतो. अर्धवट लिहिलेला आराखडा त्या क्षणी धोक्यात असतो. गडचिरोलीत पर्लकोटेला पूर आला की भामरागडची वाट तुटते, हे आपण दर पावसाळ्यात वाचतो. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेणाऱ्या भारतनेटसारख्या योजना झाल्या, तरी जंगलातील तारेचा भरवसा दोन खोल्यांमधल्या तारेइतका धरता येत नाही. म्हणून ब्लॉकची जोडणी एका इमारतीत ठेवावी आणि दूरच्या शहराकडे पूर्ण झालेल्या फायलींच्या प्रती पाठवाव्यात. प्रत मधेच अडकली तर पुन्हा पाठवता येते, आणि मूळ जागेवरच राहते.

१७.
प्रतींचा मुद्दा वेगळा सांगायला हवा, कारण दूरचा साठा म्हणजेच सुरक्षित साठा असा समज रूढ आहे. क्लायंटने फाइल पुसली की दूरच्या डिस्कवरूनही ती तत्क्षणी पुसली जाते. अंतर म्हणजे संरक्षण नव्हे. कनिंगहॅम यांचा अहवाल आज आपल्याला वाचता येतो, तो कलकत्त्याच्या एखाद्या कपाटात जपून ठेवला म्हणून नव्हे. तो छापला गेला आणि त्याच्या अनेक प्रती अनेक ग्रंथालयांत गेल्या, म्हणून. पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या त्या काळातील छायाचित्रांचा मोठा संग्रह लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. परक्या सत्तेने आपल्याकडचा साठा दूर नेला ही वेदना खरी आहे. पण एकाहून अधिक ठिकाणी प्रती असण्याचे मोलही तितकेच खरे आहे. आपण आज ज्या नोंदी करतो त्यांच्या बाबतीत मात्र मूळ प्रत आपल्या हाती आणि बाकीच्या आपल्या इच्छेने ठेवलेल्या, असे करणे शक्य आहे.

१८.
यातून तरुण अभ्यासकांनी काय घ्यावे? तुम्ही कधी सर्व्हर मांडाल न मांडाल, पण नोंदी नक्कीच कराल. किल्ल्याचे, बारवेचे, वीरगळाचे छायाचित्र काढाल आणि फाइलला 'मंदिर नवीन २' असे नाव द्याल. वीस वर्षांनी त्या नावाला अर्थ उरणार नाही. तालुक्याचे विभाजन होईल, रस्त्याचे नाव बदलेल, ज्या सेवेवर साठा ठेवला ती सेवाच बंद पडेल. म्हणून चार गोष्टी साठ्याबरोबर, पण साठ्याबाहेरही, एका कागदावर लिहून ठेवाव्यात: साठा कुठे आहे, कोणत्या नावाने आहे, तो उघडण्याचा अधिकार कोणाला आहे, आणि हे सारे कोणत्या तारखेला खरे होते. आयस्कझीची मांडणी म्हणजे शेवटी याच चार गोष्टींची नोंद. ती फक्त क्लायंटच्या डिस्कवर राहिली आणि क्लायंट बिघडला, तर सर्व्हरमधील साठा शाबूत असूनही तो शोधायला दिवस जातात.

१९.
आणि मार्कंड्याची नोंद करणार असाल तर ती अशी करावी: 'मार्कंडा (मार्कंडादेव, जुन्या ग्रंथांत मार्कंडी), तालुका चामोर्शी, जिल्हा गडचिरोली, २६ ऑगस्ट १९८२ पासून. त्यापूर्वी जिल्हा चंद्रपूर, त्याआधी चांदा, मध्य प्रांत'. एवढी एक ओळ असली की १८७९ चा अहवाल आणि तुम्ही काढलेले आजचे छायाचित्र एकाच मंदिराचे आहेत, हे पुढच्या अभ्यासकाला तुम्हाला न विचारता कळेल. तुमच्या गावाचेही असे जुने पत्ते असतील. ते सालासह खाली लिहा, म्हणजे इतरांनाही जुन्या ग्रंथांत तुमचे गाव सापडेल.